खुलासा समोरच्याने करायचा

४ जानेवारी
कॉलेज सोडलं, पण कायदा सोडलेला नाही. खालच्या मजल्यावरचे काका परवाना खात्यात कारकून. पगार कारकुनाचा, गाडी साहेबाची. कायदा म्हणतो, पगारात न बसणारी मालमत्ता सापडली आणि हिशेब देता आला नाही, तर ती लाचेची असं गृहीत धरायचं. खुलासा समोरच्याने करायचा. कायद्यात एवढं एकच मला पटलं, म्हणून पुढची वर्षं केली नाहीत.

७ जानेवारी
काकांची मुलगी तत्त्वाची आहे. तिच्या बापाला भिडणारा माणूस तिला आवडणारच. खरं तर आवडतोच. परवा जिन्यात म्हणाली, "जेवलास का?" नकार आजवर आलेला नाही. म्हणजे होकार गृहीत. नसेल तर खुलासा तिने करावा.
कॉलेजने परत केलेली फी सत्कारणी लावली. तिच्यासाठी सोन्याचे डूल. फी बुडाली असं आईला सांगितलंय. तो विषय वेगळा.

१२ जानेवारी
लाचलुचपतवाल्यांकडे गेलो. साहेब म्हणाले, आधी गाडी त्यांचीच आहे आणि पगारात बसत नाही हे पुराव्यानिशी दाखवा, गृहीत धरणं त्याच्यानंतर. मी लॉचा आहे म्हटलं. "कितव्या वर्षाला?"
उठून आलो. अख्खं खातं किडलंय.

१५ जानेवारी
काकांना जिन्यातच अडवलं. म्हटलं, गाडीचा खुलासा करा. चार दारं उघडली. काका नुसते चष्मा पुसत राहिले. ती बाहेर आली.
"गाडी माझी आहे. माझ्या पगारातून हप्ते जातात. मला विचारायचंस तरी. सगळंच गृहीत धरतोस तू. मलासुद्धा."
नेमका कायद्याचा शब्द. माझ्यासाठी वाचायला लागलेली दिसते.

१६ जानेवारी
आईला माझ्या गादीखाली डूल सापडले.
"कमावतोस काय?"
काही नाही.
"मग हे कुठून आले?"
गप्प राहिलो. आरोपीला तो हक्क आहे.
"रोज जेवताना तूच ऐकवतोस ना, खुलासा समोरच्याने करायचा म्हणून? नाही करत? मग मी काय धरायचं ते धरते. बुडालेली फी वर आली म्हणायची."
डूल जप्त. वरच्या कोर्टात जाणार. वडील म्हणाले, आईच्या वर कोर्ट नाही.

१८ जानेवारी
आई डूल घालून हॉस्पिटलात ड्यूटीला निघाली. पिशवी धरून मी मागे. जिन्यात ती भेटली.
"काकू, छान दिसतायत. कुणी घेतले?"
"ह्याने."
तिने पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. "अरे वा. नोकरी लागली वाटतं?"
खुलासा करता आला नाही.