हाराच्या फोटोतली मागची माणसं

३ मार्च
ठण्ण! पिशोरच्या आमच्या शाळेची घंटा म्हणजे कडुनिंबाला टांगलेला रुळाचा तुकडा. आज गारखेड्यात पुतण्याच्या स्टुडिओचं शटर वर गेलं आणि तोच आवाज कानात घुमला. वाटलं, आता सातवीचा वर्ग कविता म्हणायला उभा राहील. पंच्याहत्तरीत नवी नोकरी! अभय म्हणाला होता, काका, गावी एकटे झुरण्यापेक्षा माझ्याकडं या, मागं खोली रिकामीच आहे.

काम मला आवडलं. माणूस गेला की घरचे लग्नातला एखादा फोटो आणतात. त्यातलं गेलेलं माणूस तेवढं ठेवायचं. मागची डोकी, खुर्च्या, मांडवाची झालर पुसून आभाळी रंग भरायचा. कवितेतले भरतीचे शब्द काढावेत तसं. माऊस खडूसारखा हातात बसतो. अभयचा नियम एकच : हाराच्या फोटोत जितं माणूस ठेवायचं नाही.

पहिला फोटो चितेगावच्या सांडूबाबांचा, त्यांची सून सुलेखा घेऊन आली. बाबांच्या खांद्यामागं हिरव्या लुगड्यातली एक बाई हसत होती. पुसली.

६ मार्च
सुलेखा पुन्हा आली. ती हिरव्या लुगड्यातली बाई म्हणजे तिची मावससासू, सारजाबाई. काल भाकरी थापता थापता गेली. त्याच लग्नातला दुसरा फोटो. या खेपेला सारजाबाई ठेवली आणि तिच्यामागचा मिशीवाला पोरगा पुसला. सुलेखाचा दीर, धोंडिबा.
अभय म्हणतो, वय झालेली माणसं जायचीच, लई विचार करू नका.

८ मार्च
यमुनेचं वर्षश्राद्ध जवळ आलं, म्हणून आमचा फोटो करायला घेतला. माझा हात तिच्या खांद्यावर, आणि मागं जीभ काढून उभी नऊ वर्षांची हिमानी. माझी नात आता पुण्याला कॉलेजात आहे. फोनवर हसत म्हणाली, आजोबा, ते माकड काढून टाका बाई. काढलं. स्वतःला मात्र पुसवेना. इतक्या वर्षांचा हात तो!
अभयनं टोमणा मारलाच : काकूसोबत हारात बसायची एवढी घाई झाली का?

९ मार्च
धोंडिबा काल गेला. पंचविशीचा. मोटारसायकल घसरली.
सुलेखानं फोटो दिलाच नाही, पायरीवरच उभी राहिली. म्हणाली, गुरुजी, तुमी पुसलेलं माणूस तिसऱ्या दिशी जातंय, आता आमचं कुणी पुसू नका.
बोटांवर मोजलं. तीन, चार, पाच. सहा, सात, आठ.
आठ, नऊ—
हिमानी.

१० मार्च, सकाळ
मुलाचा, श्रीनिवासचा फोन आला. हिमानीला पहाटेपासून ताप, कुणाला ओळखत नाही. आईलासुद्धा नाही.

दुपारी बारा
कागदी फोटो पुन्हा स्कॅन केला. हिमानी जागेवर बसवली, सेव्ह केलं, उघडलं, तर तिच्या जागी आभाळी रंग. तीनदा केलं. तीनदा तेच.
जितं माणूस ठेवायचं नाही. पण मी एक ठेवलंच होतं, स्वतःला. जित्या माणसाला जागा एकच, आणि ती मी अडवून बसलोय.

साडेबारा
स्वतःला पुसलं. हात शेवटी.
हिमानी पुन्हा बसवली, आणि राहिली! जीभ काढून.
श्रीनिवासचा फोन— ताप उतरला, चहा मागतेय, म्हणाला. रडत होता. मला तीन दिवस आहेत. पुरे. पिशोरला जाईन, कडुनिंबाखाली बसून—

पाऊण
शटर वाजलं. ठण्ण. अभय जेवायला गेलाय, इतक्यात कसा—
अभय नाही.
यमुना. फोटोतलंच जांभळं लुगडं. तीन दिवस तरी—
ती आत आली. विचारतेय, अहो, माझ्या खांद्यावरचा हात का काढला? द्या इकडं, तो हा—