ओरडायला बाबा हवेत

दि. ३ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

घशाचे उपचार हा तुझाच प्रांत, म्हणून तुला लिहिते. शर्यतीत शेवटच्या फेरीत माझा गळा आवळतो. श्वास आत घेताना शिट्टीसारखा आवाज येतो आणि हवा आतच जात नाही. थांबले की चार-पाच मिनिटांत ठीक, त्यामुळे बाबांना ते नाटक वाटतं. तपासणीत दमा निघाला नाही, पंपानेही फरक पडला नाही. परवा नाकातून घशात बारीक कॅमेरा सोडून मला यंत्रावर पळवलं, तर नेमकं काहीच झालं नाही! बाबा म्हणाले, नाचता येईना अंगण वाकडं. आमचे प्रशिक्षकही तेच, त्यामुळे संघाच्या निवडीतून माझं नाव तेच काढणार. आत्या, मी खरंच नाटक करते का गं? मलाच कळेनासं झालंय.

तुझ्या पत्राची वाट बघणारी,
खार

दि. ८ मार्च

चि. खारूताईस,
अनेक आशीर्वाद.

वेडाबाई, हे नाटक नाही. जोराने श्वास घेताना काहींचं स्वरयंत्र उघडायचं सोडून मिटतं. ते जीव तोडून पळतानाच दिसतं, आणि तू तिथे शहाण्या मुलीसारखी पळाली असणार. तुझ्या डॉक्टरांशी मी बोलले आहे. पुन्हा तपासणी कर आणि दादाला सोबत ने. मैदानावर ओरडतो तसा तिथे ओरडू दे. लहानपणी त्याच्या आवाजाने शेजारी दारं लावून घ्यायचे, एकदा तरी त्याचा उपयोग होऊ दे.

लोभ आहेच, धीरही असू दे.
तुझी आत्या

दि. १९ एप्रिल

चि. धाकटीस,
अ. आ.

तपासणीला मी पोटभर ओरडलो. पडद्यावर तिचा घसा मिटत गेला, जेमतेम फट उरली, आणि त्या फटीतून पोर श्वास ओढत होती. डॉक्टरांनी खांद्यावर हात ठेवला तेव्हा मी थांबलो. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

मग तू पत्रातून शिकवलेलं तिने रोज केलं. खांदे सैल, श्वास नाकातून, ओठांचा चंबू करून हलकेच बाहेर. आज निवड होती. शेवटच्या फेरीत तो आवाज सुरू झालाच. सगळे ओरडत होते. माझ्याही तोंडाशी आलं होतं, पण ओठ मिटले आणि नाकावर बोट ठेवलं. तिने पाहिलं, खांदे सोडले. दोघी पुढे निघून गेल्या तरी मी गप्प. ती तिसरी आली. तिघींना घेतात.

येताना म्हणाली, आज तुमचा आवाज आला नाही, बरं वाटलं. मी हसलो. पण धाकटे, ते फार लागलं गं.

माया ठेव, टोमणे कमी चालतील.
तुझा दादा