बुटांचे चार जोड

३ ऑक्टोबर १९८५
दोन डिझेल इंजिनांची ती घरघर! त्रेचाळीस वर्षं झाली, पण आज किएलची फेरीबोट धक्क्याला लागली आणि तीच छातीत घुमली. शाळेत बाकावर उभं राहून म्हटलेल्या समुद्राच्या कविता एकेक ओठांवर येऊ लागल्या. खोली झकास आहे. खिडकीत खाडी, टेबलावर धुरी दिलेले मासे आणि काळा पाव. घरमालकीण फ्राउ पेटर्सन म्हणाल्या, भिंतीतले गरम पाण्याचे नळ जरा कुरकुरतात, कवी माणसाने मनावर घेऊ नये. आमच्या पाणबुडीचा सेवा-इतिहास लिहायला माजी नौसैनिकांच्या मंडळाने मला बोलावलंय. मी बोटीचा बिनतारीवाला. युद्धाची रोजनोंद मीच टंकत असे.

५ ऑक्टोबर
दोन सफरी लिहून झाल्या. पाणबुडीच्या बुरुजावर आम्ही कावळा रंगवला होता. बुडवलेल्या प्रत्येक जहाजामागे मी एक पांढरी पताका शिवायचो, आणि बंदरात शिरताना ती फडकायची. आज जुनी नोंद वाचली. जहाजांचे टन लिहिलेत, माणसं कुठेच नाहीत. डोकं भणभणलं.

६ ऑक्टोबर
तिसरी सफर. ‘टेहळ्या योर्न टाम्स लाटेने वाहून गेला.’ कप्तानाने सांगितलं, मी टंकलं. साफ खोटं! विमान दिसलं, बोट बुडी मारू लागली, कप्तानाने बुरुजाचं झाकण लावलं आणि वरून ठोके आले. तीन. त्याने उघडलं नाही.
मंडळाचे चिटणीस लोरेंत्स कॉफी पिता पिता म्हणाले, ओळ तशीच राहू द्या. पुढच्या रविवारी टाम्सची बहीण स्मारकाचं अनावरण करणार आहे, म्हातारपणी तिला कशाला त्रास. मी कप आपटला.
“त्रेचाळीस वर्षं ती समुद्राला शिव्या घालतेय, लोरेंत्स. कोणाला घालायच्या ते तरी कळू द्या तिला.”

८ ऑक्टोबर
नळ वाजतात. तीन ठोके, मग गप्प. फ्राउ पेटर्सनना बोललो.
“अहो रीकर्स, बॉयलर अजून पेटवलाच नाहीये मी. कविता कमी करा.”

९ ऑक्टोबर
भर दुपारी ठोके. टेबलाखाली पाणी. चाखलं – खारट. कप्तानाचं नाव लिहायला घेतलं की सुरू. माझ्यामागे का? झाकण त्याने लावलं! त्याच्या थडग्यावर जाऊन ठोक!

१० ऑक्टोबर
लिहितो. लिहायलाच हवं.
वर हवा खायला जायचं तर आधी विचारायचं – “एक माणूस वर येऊ का?” वर किती जण आहेत ते कप्तानाला ठाऊक असायला हवं, म्हणून. त्या संध्याकाळी मी विचारलं नाही. एक सिगारेट. आणि मावळतीवर एक ओळ सुचत होती –
पहाऱ्यावर चौघे, मी पाचवा. कप्तानाने शिडीखाली बुटांचे चार जोड मोजले आणि झाकण ओढलं. चौथा जोड माझा.
ती लाट त्याने मला वाचवायला लिहायला लावली. आणि मी त्रेचाळीस वर्षं त्यालाच –

११ ऑक्टोबर, दुपार
बहिणीला पत्र. लाट नव्हती, बाई. मी होतो.
ठोके थांबले –
खालून फ्राउ पेटर्सन हाक मारतायत. कुणी तरुण आलाय म्हणे, रबरी कोट, ओलाचिंब. पायपुसण्यावरच उभा होता, आता वर पाठवलाय –
जिन्यावर बूट. एकच जोड. दाराशी थांबले.
“एक माणूस आत येऊ का?”
विचारतोय. मी विचारलं नव्हतं, पण तो – अजूनही –
मी हो म्हण