अर्धा रस्ता मोकळा

२ एप्रिल
सुरतहून परतलो. साडूकडे आठवडाभर होतो, बहुतेक वेळ सिग्नलखाली उभं राहून काढला. ट्रॅफिक हा विषय आता मला कळला आहे. साडूचं मत वेगळं, पण तो कापडवाला.

३ एप्रिल, सकाळी
सातची एसटी चौकात अडकली. कारण: छगन आणि त्याचा व्याही. दोघांचे ट्रॅक्टर समोरासमोर आले. मग रामराम, मग तब्येत, मग कापूस. इंजिनं चालूच. बसमध्ये आमची स्वप्नाली. टीवायला आहे, पंधरापासून नंदुरबारला पेपर. ड्रायव्हर नवलसिंग खिडकीतून सगळ्यांना ऐकवत होता, की आते असंच चालनं तर मी फाटावरच बस फिरावसू. फाटा तीन किलोमीटर. पोरीचे पेपर बुडतील. म्हणजे हे काम मलाच हातात घ्यावं लागणार.

५ एप्रिल
उपाय पहिला. रस्त्यात रामराम बंद. बोलायचं असेल त्याने मारुतीच्या पारापाशी गाडी लावून बोलावं. बोर्ड स्वतः रंगवला. चारुलता म्हणाली, घराचं दार किती वर्षं रंग मागतंय. बायकोला सार्वजनिक प्रश्न कळत नाहीत.

६ एप्रिल
बोर्डाला प्रचंड प्रतिसाद. ज्यांना काही बोलायचं नव्हतं तेही बोर्ड वाचून थांबले आणि बोलले. पाराभोवती ट्रॅक्टर, मोटारसायकली, एक उसाची ट्रॉली. पार रस्त्यालाच लागून आहे हे मला माहीत होतं. गाव इतकं बोलकं आहे हे माहीत नव्हतं. बस पुन्हा खोळंबली. दोष लोकांचा, आयडियाचा नाही.

८ एप्रिल
उपाय दुसरा, सुरत पॅटर्न. चौकापासून शाळेपर्यंत मधोमध चुन्याने रंगवलेले दगड. अर्धा रस्ता सर्वांना, अर्धा फक्त बसला, कायम मोकळा. शिट्टी विकत घेतली. सरपंचांना विचारलं नाही. चांगल्या कामाला परवानगी कसली?

११ एप्रिल
बस तीन दिवस सुसाट. नवलसिंग मला बघून हसला. बहुधा आदराने. छगन दगडाच्या आत घुसू बघत होता, शिट्टी मारून काढला. म्हणे, हाऊ रस्ता तुन्हा बापना शे का? सुधारकाला हे ऐकावंच लागतं.

१३ एप्रिल
शेजारच्या गजराबाईंनी मुद्दाम थांबवून कौतुक केलं. म्हणाल्या, भाऊ, हाई काम तू चांगलं करं. झाडून काढल्यासारखा रस्ता, दिवसभर ऊन, ना धूळ ना गाडी. असाच ऱ्हाई का, विचारत होत्या. मी शब्द दिला: कायम. शेवटी एक तरी जाणकार भेटली.

१५ एप्रिल
पहिला पेपर.
आज गजराबाईंचे बिबडे, म्हणजे वर्षाचे पापड. पहाटेपासून गल्लीतल्या बायका हाताखाली, आमची चारुलताही. बसच्या अर्ध्या रस्त्यात खाटाच खाटा, थेट शाळेपर्यंत. खाटांवर ओली लुगडी, लुगड्यांवर ज्वारीचे बिबडे. उरलेल्या अर्ध्यात सगळं गाव कोंबलेलं.
सातची बस आली. शिट्टी फुंकली. गजराबाई म्हणाल्या, वल्ला शेतस भाऊ, हालावात का फाटी जातीन. आणि कायम मोकळा म्हणून तूच सांगेल व्हतं. चारुलताकडे बघितलं. ती बिबडे थापत राहिली.
नवलसिंगने एकदा खाटांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग थांब्यावरच्या कुणालाही न घेता बस रिव्हर्समध्ये फाट्यापर्यंत नेली. उद्यापासून गावात येणार नाही असं कंडक्टरकडून कळवलं. स्वप्नाली छगनच्या मोटारसायकलवर गेली. पेपर सुरू झाल्यावर पोचली, शेवटचा प्रश्न राहिला. संध्याकाळी जेवली नाही. मला फार वाईट वाटलं. मात्र बस गेल्यावर चौकात जॅम झाला नाही, याची नोंद कोणीतरी घ्यायला हवी.

१६ एप्रिल
बिबडे उत्तम वाळले. गजराबाईंनी डबाभर पाठवले. आज दुसऱ्या कुणाचे आहेत. शिट्टी सापडत नाही. चारुलताला विचारलं नाही.

१७ एप्रिल
दुसरा पेपर. उजाडायच्या आत पोरीबरोबर फाट्यापर्यंत चालत गेलो. वाटेत एकही वाहन आडवं आलं नाही, हे तिच्या नजरेस आणून दिलं. ती भरभर चालू लागली. मग उपाय तिसरा समजावू लागलो, फाट्यावर गोल सर्कल आणि मधे कारंजं. तेवढ्यात लांबून बस दिसली. स्वप्नाली म्हणाली, नाना, तुम्ही जरा त्या निंबामागे जा ना, तुम्हाला बघितलं तर तो थांबणार नाही.
गेलो. बस थांबली.