उजवीकडच्या शेजाऱ्याची सही

टीचर, तीन दिवस झाले, त्या पोरीचा अर्ज माझ्या काउंटरवर कात्रीखाली दाबून ठेवलाय. पंखा लावला की कागद उडतो, म्हणून कात्री. तीच, तुमची. पोरगी शेजारच्या गाळ्यात बसते, लग्नाच्या ब्लाउजांवर आरीवर्क करते. रत्नागिरीकडची मुसलमान, नवरा आखातात, मुलगी तिसरीत. मराठी माझ्यापेक्षा चांगलं बोलते. रोज शटर उघडताना विचारते, "काकू, झाली का सही? नाही, घाई नाही हं." घाई नाही कशी? महिनाअखेर तिचा करार संपतोय. आपल्या गल्लीची रीत तुम्हाला मी काय सांगायची! मालक करार वाढवून देतो तो व्यापारी संघाच्या सभासदालाच, आणि सभासद व्हायचं तर दोन्ही बाजूंच्या दुकानदारांची सही लागते. डावीकडच्या चपलेवाल्याने उभ्या उभ्या करून दिली. उजवीकडे मी आहे.

हसाल तुम्ही, पण संघाच्या महिला विभागाची प्रमुख आता मीच आहे. हिंदमाताच्या नाक्यावर बॅनर लागतो, त्यावर माझा फोटो, खाली ठळक अक्षरांत 'महिला आणि अल्पसंख्याक उद्योजकांच्या पाठीशी'. फोटोत मी अशी दिसते जणू कुणी नुकताच चिमटा काढून हसवलंय. सगळंच खोटं आहे असं नाही म्हणत मी. गेल्या वर्षी चौघींना बँकेत घेऊन गेले, मॅनेजरसमोर ठाण मांडून बसले, तेव्हा कुठे त्यांची कर्जं झाली. दिवाळीच्या प्रदर्शनात बायकांना दारातली टेबलं मिळवून दिली, नाहीतर आधी संडासाशेजारी बसवायचे. पण दर बैठकीला तेच गुलाबाचं फूल, तोच सामोसा, अध्यक्षांचं तेच 'आमच्या भगिनी'. आणि दोन सह्यांचा नियम बदला म्हटलं की, "मॅडम, तो जुना आहे, राहू द्या." दमले मी आता. गुडघेही दमलेत.

मुलगा म्हणतो, आई, सही जरा लांबव. महिना गेला की गाळा आपोआप सुटेल, आपण घेऊ, मधली भिंत पाडू. वाईट नाही हो तो. दोन मुलांच्या शाळा, वर ऑनलाइनवाले पोटावर पाय देतायत, त्याला जागा हवीय. परवा मी तो अर्ज पुन्हा वाचायला घेतला तर म्हणाला, "एवढं काय? बाबांनीही तुझ्या त्या टीचरचं हेच केलं होतं ना? म्हणून तर आपण उभे राहिलो." मी चहाचा कप खाली ठेवला आणि पिको करायच्या साड्या मोजायला घेतल्या.

तुमच्या गिरगावच्या वाडीतलं ते स्वयंपाकघर अजून जसंच्या तसं डोळ्यांसमोर आहे. मी सतरा वर्षांची, लालबागहून बसने यायची, डब्यात चपाती-भाजी. ओट्यावर तुमचा बोंबलाचा सार उकळतोय, खिडकीखाली पायमशीन, भिंतीवर मदर मेरी आणि तिच्या शेजारी खिळ्याला टांगलेले ब्लाउजच्या मापांचे कागदी कटिंग. माझा पहिला ब्लाउज तुम्ही हातात धरता, उजेडात फिरवता, आणि मला वाटतं आता शाबासकी. "ओ माय! बाय, ही शिलाई घातलीस की रस्ता खणलास? उसव." मी म्हणते, टीचर, बाही तेवढी उसवते. "बाही नाय, सगळा. बाही बसते तो मुंढाच चुकलाय, वरवर बाही फिरवून काय होणार?" मी रडत रडत संपूर्ण ब्लाउज उसवला. तुम्ही मध्ये एकदा उठून माझ्यापुढे भात आणि सार ठेवलात, आणि पुन्हा मशीनवर जाऊन बसलात. तेव्हा इतका राग आला होता तुमचा! आज माझ्याकडच्या मुलींना मी तस्संच ओरडते, तुमच्याच शब्दांत.

माझं लग्न होईपर्यंत तुम्ही ह्या गल्लीत दुकान थाटलं होतं, आणि शेजारचा गाळा रिकामा आहे हे तुम्हीच कळवलंत. बायकांना तेव्हा संघ सभासद करून घेत नव्हता, म्हणून दुकान ह्यांच्या नावावर, अर्जही ह्यांच्या नावावर. शेजारी म्हणून सही मागायला मी आले तेव्हा तुमच्या ओठांत टाचण्या होत्या. त्या काढल्यादेखील नाहीत, तशीच सही ठोकलीत. आणि उद्घाटनाच्या दिवशी ही कात्री. कागदात गुंडाळलेली, माझ्या हातात न देता काउंटरवर ठेवलीत. "तुमच्यात कात्री हातात देत नाय ना? भांडण होतं म्हणे. घे, इथून उचल. आपलं नको व्हायला." ते मात्र खरं झालं, टीचर. आपलं भांडण कधी झालंच नाही.

पुढे बायकांना सभासद व्हायची परवानगी मिळाली आणि पहिला अर्ज तुमचा. गाळ्यांचे जुने मालक वारले होते, त्यांची मुलं करार नव्याने लिहून घेत होती, बोलणी संघ करणार होता आणि ती फक्त आपल्या सभासदांसाठी. रविवारच्या चर्चनंतर तुम्ही फुलाफुलांच्या फ्रॉकमध्येच थेट माझ्या दुकानात आलात. दुसऱ्या बाजूच्या शेजाऱ्याची सही झाली होती. म्हणालात, "आता तुझी घातली की झालं." मी म्हटलं, दुकान ह्यांच्या नावावर आहे ना, ह्यांची सही घेते आणि परस्पर ऑफिसात टाकते. तुम्ही माझ्या गालाला हात लावून निघून गेलात. आठ दिवसांनी विचारलंत तेव्हा मी सांगितलं, दिला. अर्ज माझ्या खणात होता, अस्तराच्या कापडाखाली. यादी लागली, तुमचं नाव नव्हतं. तुम्ही ऑफिसात विचारायलासुद्धा गेला नाहीत. म्हणालात, फ्रॉकवालीला कोण घेतो इथे? बिचारा संघ! एरवी त्याची शंभर पापं असतील, पण हे त्याचं नव्हतं.

तुम्ही मशीन टेम्पोत घालून गिरगावला नेलंत. तुमचा गाळा आम्ही घेतला आणि मधली भिंत पाडली. आता हे लिहितेय ना, ते तुमची टाचण्यांची डबी असायची तिथे बसून. एकदाच आले होते मी वाडीत तुम्हाला भेटायला, तुम्ही आजारी होतात. तुम्ही उलट माझीच समजूत घातलीत. "तू नको मनाला लावून घेऊ, बाय. तुझी सही होती ना, बस झालं." मी मोसंबी ठेवली आणि पळाले. तुमच्या मातीलाही आले नाही. ऑर्डर होती, असं सांगितलं सगळ्यांना.

दुपारी पोरगी आली. आज सहीचं विचारलं नाही तिने. एका नवरीचा ब्लाउज घेऊन आली होती, म्हणाली, "काकू, जरा बघा ना, पाठीला ओढतंय, काय चुकलं कळत नाही." बघितला. वरचं काम देखणं, पण मुंढा चुकलेला. म्हटलं, उसव. "सगळा?" तिचं तोंड एवढंसं झालं. सगळा, म्हटलं, बस इथे, मी मदत करते. दोघी बसलो. उसवून झाल्यावर मी कात्री उचलली, अर्ज ओढला आणि सही केली. आता दुकान माझ्या नावावर आहे, सहीसुद्धा माझीच. तिला म्हटलं, स्वतः जा ऑफिसात, स्वतःच्या हाताने दे, पोच घे, माझ्यावरसुद्धा विसंबू नकोस. ती हसली. तिला वाटलं, काकू गंमत करतायत.

मुलगा संध्याकाळी येईल, आदळआपट करेल, करू दे. पण परवाचं त्याचं ते वाक्य डोक्यातून जात नाही. 'बाबांनी केलं.' घरात हे मीच पसरवलंय, इतकी वर्षं. हे हयात असते तर त्यांच्या कानावर आलं असतं. ते गेल्यावरच मी सांगायला लागले, तेवढी अक्कल होती मला.

तुमचा तो अर्ज मी ह्यांना कधी दाखवलाच नाही, टीचर. माणूस भोळा होता, तुमच्या हातचा बोंबलाचा सार आवडायचा त्याला, मागितली असती तर तिथल्या तिथे सही केली असती. गिऱ्हाईक माझ्या दुकानावरून सरळ पुढे, तुमच्याकडे जायचं. ते मला बघवत नव्हतं.