आईच्या खोलीतला गार रेडिएटर

येल्ते,

तू पोहोचशील तेव्हा मी ड्यूटीवर असेन, सकाळपर्यंत हॉस्पिटलमधून सुटणार नाही. वाटाण्याचं सूप गॅसवर आहे. आईला सहा वाजता दे.

तिच्या खोलीतला रेडिएटर नीट तापत नाही, खोली गारच राहते, हे मला या आठवड्यात कळलं. वरून गार लागत होता म्हणून छोट्या किल्लीने हवा काढली, मग बॉयलरमध्ये पाणी भरून दाबाचा काटा दीडवर आणला. तरी ढिम्म फरक नाही. आज जमिनीवर बसून खालची टोपी काढली, तर गरम पाणी आत सोडणारा व्हॉल्व्ह जवळजवळ बंद! मी वैतागून ओरडलेच, "आई, हा कुणी बंद केला?"

"मीच गं, बाबांच्या पक्कडीने. नाताळात येल्ते गारठला आणि हॉटेलात झोपायला गेला ना? माझं गरम पाणी अडवलं की त्याच्या खोलीला जास्त मिळेल."

म्हणजे दोन महिने ती कोट घालून झोपतेय. मी रोज येते, तरी माझ्या लक्षात आलं नाही. तुला बोल लावायचं त्राणही माझ्यात नाही.

व्हॉल्व्ह मी पूर्ण उघडलाय. आता तुझी खोली जरा कमी तापेल, म्हणून पलंगावर दुसरी रजई ठेवलीय. हॉटेल घेतलं असशील तर रद्द कर. आणि सकाळी तिने झोप कशी लागली विचारलं, तर अंगावरची रजई काढून टाकावी लागली, इतकं उकडलं म्हणून सांग.

वीत्स्के