तांबडीच्या खोगिरातलं शिसं

आईस, अंगदचा आयर्लंडहून नमस्कार.

काष्टीत सगळी बरी हायेत ना? मी मजेत हाय, दोन वेळ पोटभर जेवतो.

मी सांभाळतो ती तांबडी घोडी आज अडथळ्यांच्या शर्यतीत पळाली. तिच्यासंगं पळनारा दुसऱ्या मालकाचा करडा घोडा उड्या लई झकास मारतो, पन दमात तिच्यापुढं कुनी न्हाई. म्हनून शर्यत बरोबरीची व्हावी असं म्हनत पंचांनी तिच्याच खोगिरात वजनाला जास्त शिसं घातलं. जिंकनाऱ्यालाच ओझं, हा कुठला न्याय?

तरी शेवटचा अडथळा तिनंच आधी ओलांडला. पन शेवटच्या रेषेवर करडा नुसता मानभर पुढं गेला.

मालक म्हनला, “हरली.”

मी भडकलो, “तेवढं शिसं करड्यावर घाला, मग बोला!”

तो पाठ फिरवून निघून गेला. नोकरीचा घोर लावून घेऊ नको. दादांचा गुडघा कसा हाय?

तुझा लेक,
अंगद